टॉर्चने ओवाळलेली बॅटरी

नाना, काल गाडीत दुसरी बॅटरी बसवली. मीच बसवली, कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही असता तर आधी वायरचं प्रत्येक टोक ओढून पाहिलं असतंत आणि मग नुसतं 'हं' केलं असतंत. तेवढं 'हं' ऐकायला म्हणून आज सकाळीच लिहायला बसले आहे. घरात सगळे अजून झोपलेले आहेत, आणि आज दसरा आहे.

गाडी कसली ते सांगायला हवं, कारण तुमच्या वेळी असलं खूळ नव्हतं. जुनी व्हॅन आहे. बिजौलीच्या एका कारखान्यात ती आतून बांधून घेतली: झोपायला फळी, एवढासा ओटा, छताला पंखा, एक दिवा. इंजिन सुरू करायची बॅटरी पुढे असते ती वेगळी. मागे आणखी एक असते ती राहणाऱ्या माणसांची, आमची. आणि हे सगळं हौसेपोटी केलेलं नाही. तुमच्या जावयांचा श्वास झोपेत मधेच थांबतो. डॉक्टरांनी एक मशीन दिलंय, नाकावर मुखवटा लावून झोपायचं आणि मशीन रात्रभर हवा ढकलत राहतं. तेव्हापासून ह्यांनी कुठे मुक्कामाला जाणंच सोडलं. लग्नाला जाणार आणि जेवून परत येणार. लोकांसमोर तो मुखवटा लावायची लाज वाटते, आणि आपल्याकडच्या विजेचं तर तुम्हाला ठाऊकच आहे, ती तुमच्या वेळी जशी जायची तशीच अजून जाते. फौजेत असताना देशभर उघड्यावर झोपलेला माणूस, आता घराच्या प्लगला बांधल्यासारखा झालाय. म्हणून ही गाडी. पण पहिल्यांदा अंगणातच उभी करून झोपून पाहिलं तर एक बॅटरी उजाडायच्या आधीच संपली आणि हे गुदमरून उठले. घाम पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. इकून टाक गाडी." इतकी वर्षं झाशीत राहूनही चिडले की ह्यांचं साताऱ्याचं मराठी वर येतं. मी म्हटलं, विकायची नाही, दुसरी बॅटरी लावू.

वायर जोडताना तुम्ही सारखे बाजूला उभे होतात. नवी बॅटरी जुनीच्या शेजारी ठेवली आणि कंटाळा करून दोन्ही वायरी जवळच्या बॅटरीवरूनच घ्यायला निघाले होते, कारण लांब वायर हाताशी नव्हती. तेवढ्यात आठवलं. रविवारी सकाळी लक्ष्मी गेटच्या आपल्या घराच्या ओट्यावर तुम्ही कुणाकुणाच्या बॅटऱ्या उघडून बसलेले, मी पाण्याची बाटली धरून शेजारी. "प्लस ह्याच्याकडून घ्यायचा, मायनस त्याच्याकडून. नाहीतर जवळचा राबतो आणि लांबचा आराम करतो." आत आईने ते ऐकलं आणि स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे घरातही लागू करा की!" तुम्ही हसलात, उठलात, आणि खरंच तिची परात धुवायला घेतलीत. ॲसिडने बारीक भोकं पडलेली तुमची बनियन आणि हातात परात, असे तुम्ही मला नेहमी दिसता. मग मी वायर ठेवून दिली, बाजारात गेले आणि लांब वायर घेऊन आले. दोन्ही बॅटऱ्या आधी एकेकट्या पूर्ण भरल्या, मग जोडल्या, प्रत्येकीला तिचा फ्यूज लावला. तुम्ही शिकवलेलं काही सोडलं नाही.

काल खंडेनवमी होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सूनबाईच्या मात्र होतं. ती इथलीच, ओरछा गेटकडची, घरात बुंदेली बोलणारी. मराठी तिला समजतं, बोलताना मात्र ती हसून हिंदीवर येते आणि मला 'आईजी' म्हणते, म्हणजे हाक अर्धी आपल्याकडची आणि अर्धी तिच्याकडची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला सांगितलं होतं की आमच्याकडे ह्या दिवशी हत्यारं आणि अवजारं पुजतात. तिने ते मनावर घेतलं. काल दुपारी गाडीची दारं बंद होती, बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या आणि हे आत फळीवर मुखवटा लावून पडले होते, मशीन नव्या जोडणीवर नीट चालतं का ते बघायला. मी बाहेर पाने-पक्कड गोळा करत होते. एवढ्यात सूनबाई तबक घेऊन आली. हळद, कुंकू, झेंडू, आणि तळहाताच्या आडोशाला पेटलेलं निरांजन. "आईजी, नई बैटरी की आरती तो कर लें," असं म्हणत तिने एका हाताने गाडीचं दार सरकवलं.

मी ओरडले. "बाहेर! आधी बाहेर हो!"

नाना, तो आवाज माझा नव्हता. शब्दही माझे नव्हते. तबक तिच्या हातून सुटलं, झेंडू गाडीखाली गेले, निरांजन विझलं. ती घरात निघून गेली. हे मुखवटा काढून दारात आले, म्हणाले, "येवढं वरडायला काय झालं? मला वाटलं गाडीच पेटली."

मी तिथेच पायरीवर बसले. मला टेलिफोनच्या ऑफिसातली तुमची बॅटरीची खोली दिसायला लागली. काचेच्या मोठमोठ्या भांड्यांच्या रांगा, घशाला लागणारा तो आंबूस वास, भिंतीतला घुरघुरणारा पंखा. सगळ्या झाशीचं बोलणं त्या भांड्यांवर चालतं असं तुम्ही सांगायचात आणि मला ते खरंच वाटायचं. मी लहान असताना एका खंडेनवमीला तुम्ही पूजेचं सामान घरीच विसरून गेलात, म्हणून आईने तबक देऊन मला पाठवलं. काडेपेटीसुद्धा तिनेच ठेवली होती. मी नवा परकर घातलाय. व्हरांड्यात निरांजन लावते, वारा लागू नये म्हणून हात धरते आणि मोठ्या ऐटीत आत पाऊल टाकते. तुमचे दोन सोबती तिथे उभे आहेत. तुम्ही वळता, आणि तुमचा असा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. दोन ढांगांत येता, जळती वात चिमटीत धरून विझवता, आणि मला खांद्याला धरून बाहेर ढकलता. "बाहेर! आधी बाहेर हो!" तबक खणखणत गडगडत जातं. एक सोबती म्हणतो, "बाबूजी, बच्ची है, जाने दीजिए." मी रडत घरी पळत येते.

संध्याकाळी तुम्ही आलात ते बोटांना तूप लावूनच बसलात, चिमटी भाजली होती. आईला सांगत होतात की बॅटरी भरताना एक वायू सोडते, तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याला ठिणगी लागली तर खोली उरत नाही. मी दाराआडून ऐकत होते. मला ते समजलं. पण तुम्ही मला लोकांसमोर ढकललंत हे काही समजलं नाही. माझी लाज वाटली तुम्हाला, असंच मी धरून चालले. मग तुम्ही पिशवीतून एक टॉर्च काढलात, नवाकोरा, पितळी, आणि माझ्या हातात दिलात. म्हणालात, "पुढच्या वर्षीपासून ह्याने ओवाळायचं. तूच ओवाळायचंस." आणि खरंच दर खंडेनवमीला मी त्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून टॉर्चने त्या भांड्यांना ओवाळायचे. दाराबाहेरच बटण दाबून टॉर्च पेटवायचा, आत नाही, हाही तुमचाच नियम. तुमचे सोबती पोट धरून हसायचे. "बाबूजी, देवी जी को भी सेल बदलने पड़ेंगे!" तुम्ही गंभीरपणे हात जोडून उभे राहायचात. मीही हसायचे, पण मनात ते ढकलणं तसंच राहिलं होतं. तुम्ही गेलात तेव्हाही होतं. तुमच्यावर रागावले नव्हते हो, नुसतं दुखत होतं.

काल पायरीवर बसून ते दुखणं गेलं. माझा माणूस आत तोंडावर मुखवटा लावून झोपलेला आणि दारात जळती वात, एवढं मी पाहिलं आणि ओरडले. लाज, राग, सून, शेजारी, काही म्हणजे काही मनात नव्हतं. तुमच्याही मनात नसणार. त्या खोलीत तुमची मुलगी होती, बस्स. इतकी सरळ गोष्ट कळायला मला केस पांढरे करावे लागले.

मग उठले. देवघराच्या कोनाड्यातून तुमचा टॉर्च काढला, नवे सेल घातले. सूनबाई स्वयंपाकघरात पाठ करून कणीक मळत होती, गरजेपेक्षा फारच जोरात. मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि तिला तुमची सगळी गोष्ट सांगितली, वायूची, चिमटीची, परकराची. ती ऐकता ऐकता थांबली. म्हणाली, "तो नानाजी डर गए थे." मी म्हटलं, "हो गं. आणि मीही." तिने हात धुतले, डोळे पुसले, टॉर्च हातात घेऊन लावून पाहिला आणि हसायला लागली. मग आम्ही दोघींनी गाडीखालचे झेंडू गोळा केले. बाहेर उभं राहून तिने टॉर्च पेटवला आणि दोन्ही बॅटऱ्यांना ओवाळलं, आणि मधे फळीवर बसलेल्या सासऱ्यांनाही. हे म्हणाले, "मला कशाला? मी काय चार्जिंगला लावलोय व्हय?"

रात्री हे गाडीतच झोपले. आज उजाडल्यावर मी चहा घेऊन गेले. काचेतून पाहिलं तर मशीन चालू होतं, मुखवटा जागच्या जागी आणि छाती संथ वरखाली होत होती. चहा पार निवला तरी मी उठवलं नाही. संध्याकाळी ओरछ्याला बेतवेच्या काठी गाडी लावणार आहोत, मुक्कामाला. आपट्याची पानं आपल्याकडे मिळत नाहीत, म्हणून आई सोनं म्हणून कचनाराची द्यायची, तशीच आणली आहेत. एक जुन्या बॅटरीवर ठेवलं, एक नव्या, आणि एक तुमच्या टॉर्चखाली.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही, तुम्हालाच सांगते. ह्या बॅटऱ्या नव्या जातीच्या आहेत, लिथियमच्या, सीलबंद. आत पाणी नाही, ॲसिड नाही, भरताना त्या वायू सोडत नाहीत. काल त्या निरांजनाने काही म्हणजे काही झालं नसतं. हे मला घेतानाच माहीत होतं, ओरडले तेव्हाही माहीत असायला हवं होतं. सूनबाईला सांगेन कधीतरी, पण इतक्यात नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी ती टॉर्च घेऊन येणार नाही.