शिडीकाकांची मूठ

३ मार्च

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, पण माझ्या हातून एक वाईट झालं आहे. अग्निशमन केंद्राच्या वर्धापनदिनासाठी तुम्ही चालवायचात तो जुना उघडा बंब प्रदर्शनात ठेवणार आहेत. साफसफाई माझ्याकडे. आधी घोड्यांनी ओढायचा हातपंप, मग तुमचा बंब, मग दरवाजांच्या गाड्या, हा इतिहासही पाटीवर मीच लिहिला. प्रत्येक वेलांटी दोनदा तपासली. आणि मागच्या दांडीवर गुंडाळलेली काळी सुतळी मात्र मळ समजून काढून टाकली. कचऱ्याची गाडीही येऊन गेली.

काल साहेबांनी सांगितलं, मागच्या फळीवर उभा राहणारा प्रत्येक जण दांडीवर सुतळीची मूठ बांधून घ्यायचा, हात घसरू नये म्हणून. उरली होती ती तुमच्या बंबावर शिडी सांभाळणाऱ्या शिडीकाकांची. वळणावर धावत्या बंबावरून पडून ते गेले, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. रविवारी शिडीकाकू ती बघायला येणार आहेत, पहिल्यांदाच. नवी सुतळी तेलात बुडवून बांधून ठेवू का? घास उतरत नाही. मामींना नमस्कार.

आपला अपराधी भाचा

६ मार्च

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

वेलांट्या दोनदा तपासणारा तू, सुतळीबद्दल एकदा विचारलं असतंस तर? असो. मामी म्हणते, रागावू नका, पोरगं आधीच अर्धं झालं असेल.

खोटी मूठ बांधू नकोस. त्या दिवशी स्टिअरिंगवर मी होतो. वळण मी जोरात घेतलं. त्यानंतर आपल्या गाड्यांना दारं लागली, हेही पाटीवर लिही. वहिनींसमोर उभं राहायची माझी अजून छाती होत नाही, म्हणून मी येत नाही. तू मात्र पळू नकोस. वेळेवर जेव.

तुझा मामा

९ मार्च

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. नमस्कार.

काकू आल्या. पाटी दाखवत मी बराच वेळ काढला, शेवटी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. कशी काढलीस, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं. बोटांनी सुटेना, चाकू चालेना, मग करवतीचं पातं लावलं. सैल नव्हती ना, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. जराही नाही म्हटल्यावर त्या फळीवर टेकून बोलू लागल्या.

मूठ त्यांनीच बांधली होती. शिडीकाकांना म्हणे साधी नाडीची गाठ जमत नसे. आपलीच गाठ सुटली, असं धरून त्या इतकी वर्षं इकडे फिरकल्या नव्हत्या.

तुम्ही का आला नाहीत, तेही मी सांगितलं, तेव्हा निघताना त्यांनी निरोप दिला. म्हणाल्या, भाऊजींना सांग, त्यांच्या वळणाचा विचारच मी कधी केला नाही, दोष द्यायला मला माझी गाठ होती. आता काय धरून बसू, ते त्यांनीच येऊन सांगावं.

मामा, त्यांना सोडवताना मी तुम्हाला अडकवलं. काकू चहाला आधण ठेवून वाट बघणार आहेत. मी स्टेशनवर घ्यायला येतो. या, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नका.

आपला भाचा