डबीतली चाकं

प्रिय ब्रॉन,

अक्षर आईचं दिसतंय म्हणून दचकू नकोस. माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. मध्येच ती स्वतःचं काही घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

इकडे इप्सविचमध्ये जकरंडाच्या फुलांचा जांभळा सडा पडलाय. विमानांची छोटी मॉडेलं जमवणाऱ्या आमच्या क्लबातल्या मर्व्हनं आणखी एक बॉम्बर घेतलं, ओतीव धातूचं, चांगलं थोरलं. पंख इतके लांब की गाडीत मावेना, शेवटी त्याच्या बायकोनं ते मांडीवर धरून आणलं. म्हणाली, "लग्न करून मला आणलंस तेव्हा तरी इतकी हळू चालवली होतीस का गाडी?"

त्यांची विमानं कपाटात बसून असतात. वर-खाली होतं ते फक्त आपलं. हवाई दलानं तुझी उत्तरेला बदली केली तेव्हा तुझ्याच विमानासारखं शोधून आणलं आणि शेपटीवर तुझ्या विमानाचा आकडा रंगवून घेतला. तू उड्डाणाला निघालीस की मी त्याची चाकं काढून डबीत ठेवायची, पोटाची झाकणं बसवायची आणि त्याला साइडबोर्डच्या बुटक्या कपाटावरल्या दांड्यावर चढवायचं, म्हणजे तेही हवेत. तुझा 'उतरले' असा निरोप आला की चिमट्यानं चाकं लावून त्याला जेवणाच्या टेबलावर आणायचं. मग आई म्हणणार, "उतरली तुझी पोरगी. आता तरी चहा घे." क्लबातले विचारतात, "डेस, तुला वर्दी शिवून देऊ का?" हसू देत त्यांना.

मधल्या वेळात माझं काय होतं ते तुला कधी सांगितलं नाही. मी फोनकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो. तसली बातमी फोनवर येत नाही, ती घेऊन माणसं दारात येतात. परवा तू वर असताना पांढरी गाडी थांबली आणि टाय लावलेले दोघे फाटक उघडून आत आले. मी पायरीवरच बसलो. ते निघाले धर्मप्रचारक. एरवी आई असल्यांना दारातूनच वाटेला लावते, त्या दिवशी आनंदाच्या भरात तिनं त्यांना केक खाऊ घातला. मी मात्र माझा तुकडा ताटलीतच ठेवला.

मर्व्ह म्हणतो, "चाकं डिंकानं चिकटवून टाक आणि सुटलास." आमच्यात ही शिवी आहे. चिकटवलेलं विमान पुन्हा वर जात नाही. तरी मागे एकदा मी डिंकाची नळी आणली, झाकणही उघडलं. चिकटून राहू दे, तीही राहू दे जमिनीवर, असंच मनात होतं. आईनं नळी हिसकावून घेतली. "पोरगी आहे ती, कोंबडी नव्हे खुराड्यात कोंडायला!" तिचं खरं आहे. पण मला फार भीती वाटते गं.

चष्मा माझ्या नाकावरच आहे, ब्रॉन. हात थरथरतात. डॉक्टर म्हणतात, पार्किन्सनचा आजार आहे आणि तो वाढत जाणार. परवा तू उतरल्यावर 'चाकं लावली ना, बाबा?' असं विचारलंस, तेव्हा आईनं 'लावली' असं कळवलं. लावलेली नाहीत. चिमटा बोटांत टिकत नाही, आणि आईला मी विमानाला हात लावू देत नाही, इतका मी वेडा झालोय. नाताळानंतर तू त्या लांबच्या सरावाला निघणार. जाऊ नकोस असं म्हणायला हे पत्र नाही. त्याआधी एकदा घरी ये. तू धडधाकट उतरलीस हे मला ठाऊक आहे, पण आपलं विमान अजून हवेतच आहे आणि मी त्याच्यासमोर बसून आहे. ये, आणि त्याची चाकं तू लाव. पुढेही तूच लावत जा.

सही मात्र माझी मीच करतोय. वाचता आली तर बघ.

तुझाच,
बाबा