साहेबांचा शेरा आणि फरशीवरचे पीठ

तेर,
दि. ९ सप्टेंबर १९६१

तीर्थस्वरूप आण्णासाहेब यांचे सेवेशी,

बब्रुवानचा साष्टांग नमस्कार. आपला खोकला आणि धुरपदाबाई वहिनींचे गुडघे या दोहोंस उतार पडला असेल, अशी आशा बाळगतो. माझी प्रकृती ठीक आहे, जेवतो.

आपल्या कार्डास उत्तर देण्यास विलंब झाला, क्षमस्व. पाहणीस आलेल्या साहेबांनी लोहारा ग्रामपंचायतीच्या शेरेबुकात ‘क्लीन अ‍ॅज अ व्हिसल’ असे लिहिले, आणि सरपंच या नात्याने आपणांस प्रश्न पडला की कचेरीत शिट्टी वाजवली कोणी. कोणीही नाही. हा इंग्रजी वाक्प्रचार असून तो स्तुतिपर आहे: शिट्टीइतके स्वच्छ, म्हणजे कणभरही मळ नसलेले. उगमाविषयी विद्वानांत एकमत नाही. एका मते, बोरूच्या शिट्टीत कण अडकला तरी ती नीट वाजत नाही, म्हणून ती स्वच्छतेचा नमुना. दुसऱ्या मते, तलवार हवेतून शीळ घालीत येते आणि मान एकाच घावात साफ उतरते, त्यावरून. (हे दुसरे मत पंचांच्या बैठकीत न सांगितलेले बरे.)

इतके लिहून थांबणे उचित होते. परंतु या वाक्प्रचाराचा अर्थ मी कोशाबाहेर, माझ्याच घरात पाहिला आहे. आपल्या भगिनीच्या, माझ्या मथुरेच्या, दहाव्याला आपण व मी तेरणेवर असताना घरी काय घडले, ते वहिनींनी आपणांस अर्धेच सांगितले असावे. मथुरेने प्राण सोडला त्या जागी त्यांनी पीठ पसरले, शेजारी दिवा लावला, वर टोपली पालथी घातली. (गेलेल्या माणसास जो जन्म मिळाला, त्याचे पाऊल पिठात उमटते अशी समजूत. मी ती मानीत नाही.) मी परतल्यावर टोपली उचलली. गाईचा खूर नव्हता, चिमणीचे पाऊल नव्हते, आणि पीठही नव्हते. दिवा तेवत होता व खालची शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसल्यासारखी चमकत होती. “आता ह्याला कंचा जलम म्हणायचा?” असे वहिनींनी विचारले. त्यावर दहाव्यासाठी आलेल्या कडूबाई मावशी म्हणाल्या, “जलमाचं नंतर बघंल ती. आधी घर आवरायलीय.”

मी उंदीर, मुंग्या व वारा यांचा क्रमाने विचार केला. उंदीर फरशी पुसत नाही. तेव्हा सुतक फिटल्यावर मी रोज शाळेला जाण्यापूर्वी त्याच जागी मूठभर पीठ चाळून पसरू लागलो. खिडक्या बंद, दाराला कुलूप, किल्ली कोटाच्या खिशात. पाच वाजता परतावे तो फरशी स्वच्छ. पहिल्या दिवशी हाताला ओल लागली. दुसऱ्या दिवशी, मी कोपऱ्यात उभी ठेवलेली केरसुणी आडवी निजवलेली होती. (केरसुणी उभी ठेवण्यावरून आमचा एकवीस वर्षे मतभेद होता.) असे सात दिवस चालले आहे. पिठाचा खप वाढला, तेव्हा शेजारच्या जैनबबींनी मला गिरणीच्या वाटेवर गाठले. “मास्तर, रोज पीठ आणताव, अन् चुलीला धूर न्हाय. पीठ जातंय कुठं?” प्रयोगासाठी लागते, असे मी सांगितले. “आमच्यात त्येला भाकरी म्हणतेत,” असे म्हणून त्या गेल्या व संध्याकाळी दोन भाकरी झाकून पाठवल्या. (उत्तम होत्या.)

तात्पर्य, मी दसऱ्यापूर्वी बदलीचा अर्ज द्यावा, हे घर सोडावे व लोहाऱ्यास आपल्याकडे राहावे, ही आपली प्रेमळ सूचना मला तूर्त अमलात आणता येत नाही. घरात कोणी कामात असताना कायमचे कुलूप लावून निघून जाणे शिष्टाचारास धरून होणार नाही.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञांकित,
बब्रुवान

ता. क. वर सात दिवस लिहिले, ते चूक आहे. दोनच. तिसऱ्या दिवसापासून पीठ मी पसरले तसेच आढळते. ते मी स्वतः पुसतो. मला तितके स्वच्छ जमत नाही. फरशीच्या सांध्यांत पांढरे राहते.

ता. क. २. पाहुणे येणार असे कळले की मथुरेला घरात एक कण खपत नसे, हे आपण जाणताच. तरी कृपा करून उलट टपाली एक कार्ड टाकावे की, आपण उभयता मंगळवारी मुक्कामास येत आहात. ते मी माजघरात उभा राहून मोठ्याने वाचीन. आपण प्रत्यक्ष येण्याची तसदी घेऊ नये.