घरघर बंद केल्याबद्दल जावईबापूंस

मु. राजापेठ, अमरावती
शनिवार, ९ जून २००७

राजमान्य राजेश्री जावईबापू योगेशराव यांस भगवंत खेरडे याचा रामराम.

इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. अकोल्याचे ऊन कसे आहे? रागिणीचा खोकला थांबला का? आपली प्रकृती उत्तमच असणार. धोंड्याच्या महिन्याचे आमच्याकडे आलात तेव्हा तेहतीस अनारशांपैकी एकोणतीस बसल्या पाटावर खाल्लेत (उरलेले चार डब्यात नेलेत), त्यामुळे ती काळजी नाही. जावयावर रागावू नये असे शास्त्र सांगते. शास्त्र लिहिणाऱ्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता.

अधिक महिन्यात सासऱ्याने द्यायचे आणि जावयाने घ्यायचे. आपण उलट द्यायला गेलात, तिथेच घात झाला. कॉम्प्युटरच्या घरघरीने आपल्या सासूबाईंचे, म्हणजे वच्छलाचे, डोके उठते, एवढे मी जेवताना बोललो काय, आपण हात धुऊन त्याच्यामागे लागलात. हार्ड डिस्क तीन मिनिटे रिकामी राहिली की झोपणार, पडदाही झोपणार, डिस्क फिरली तरी दबकत फिरणार, आतला पंखासुद्धा आपण मुका आणून बसवला. वर म्हणालात, विजेची बचत होईल. अहो, दिवसाचे सहा-सहा तास जिथे वीजच नसते तिथे बचत कशाची करता? उपाशी माणसाला पथ्य सांगता?

आता परिणाम वाचा (चष्मा लावून वाचा). बडनेरा रस्त्यावर आम्हा अकरा जणांचे भाजीचे आणि फुलांचे मळे आहेत. विहिरींना पाणी आहे, पण पंपाला वीज मिळते रात्री बारा ते पहाटे सहा. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या मळ्यातल्या गंगूबाईंना अंधारात वांग्यांना पाणी देताना साप चावला. वाचल्या, पण पाय अजून सुजलेला आहे. तेव्हा वीज दिवसा द्या, असा अर्ज शुक्रवारी वीज कार्यालयात साहेबांपुढे ठेवायचे ठरले. कॉम्प्युटर माझ्याकडे, म्हणून लिहायचा मी.

आमच्या घरचा नियम आपल्याला ठाऊक आहे. वीज गेली की मेन स्विच पाडायचा, कारण परत येताना ती अशी उसळून येते की गेल्या वर्षी मिक्सर आणि दोन ट्यूबलाइट एका दमात गेले. स्विच स्वयंपाकघरात, म्हणून मीच ठरवून दिले, की माझ्या खोलीतली घरघर थांबली की वीज गेली समजून वच्छलाने स्विच पाडायचा. वर्षभर सुरळीत चालले. आता आपल्या कृपेने घरघरच नाही! मी मोठ्याने बोलत बोलत टाइप करतो, मध्ये शब्दासाठी अडतो, आणि साहेबांना शोभेल असा शब्द सापडायला तीन मिनिटे कुठली पुरतात? डिस्क झोपली, पडदा काळा, आणि वीज गेली समजून स्वयंपाकघरात खट्! सगळा अर्ज गेला. (पूर्ण झाल्याशिवाय मी साठवून ठेवत नाही. टाइपरायटरवर अर्धे पान कोण जपून ठेवतो?) बुधवारी एकदा गेला, गुरुवारी दोनदा गेला, आणि दर वेळी तिसऱ्याच पानावर. तिसऱ्याच का, ते आपल्या त्या सेटिंगला ठाऊक. वच्छलाला मी शब्दाने बोललो नाही. डोक्यावरचा पंखा फिरतो आहे का, एवढे पाहायचे बिचारीला सुचत नाही, पण नियम तिने पाळला. दोष आपला.

शुक्रवारी सकाळी गंगूबाई लंगडत अर्ज न्यायला आल्या. मी मोरीत लपलो. सहासष्ट वर्षांचा निवृत्त हेडक्लार्क, मोरीत, बादलीमागे! दारात वच्छलाने त्यांची काय समजूत घातली देव जाणे. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी आपल्यावर भयंकर संतापलो आहे, हे आदरपूर्वक कळवतो.

आपला (नाइलाजाने) सासरा,
भगवंत

ता. क. पुढच्या रविवारी या आणि मशीन पहिल्यासारखी ओरडती करून द्या. सेटिंगमध्ये मी स्वतः शिरून पाहिले; आता पडदा दर मिनिटाला झोपतो.

आणखी ता. क. अनारसे मिळणार नाहीत. (रागिणी येणार असेल तर पाहू.)

जवाईबापू, हे खालचं माह्या हातचं हाय. पाकीट चिकटवाले यायनं माह्याजवळ देल्लं. पंखा माह्या डोक्यावर फिरून रायला होता, मले का दिसत नाही? मशीन मुकी झाली तवापासून हे काय लिहून रायले ते गॅसपाशी समदं आयकू येते. तिसऱ्या पानावर हे साहेबाले शिव्या देत. पयल्या बारीले बैल म्हणलं, तिसऱ्या बारीले त्याच्या बापापर्यंत गेले. असा अर्ज गेला असता त रातची लाईनही गेली असती. म्हणून खटका मीच पाडला, तिन्ही बारीले. शुक्रवारी रागिणीच्या जुन्या वहीचं एक पान लिहून गंगूबाईजवळ देल्लं. साहेबानं पान वाचलं, तिचा पाय पाह्यला, अन् सोमवारपासून दिवसा लाईन देतो म्हणला. यायले अजून सांगतलं नाही, राग उतरल्यावर सांगीन. तुमी रविवारी या, अनारसे करीन. पण मशीनले हात लावू नोका. पुढच्या महिन्यात हे नळाच्या पाण्याचा अर्ज लिहिणार हायेत.