‘रिकामी’तली पहिली वेलांटी

प्रिय दादा,

तुझं भाषण मिळालं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. वर कोपऱ्यात लिहिलंयस, ‘वेलांटी, रविवारच्या आत शुद्धलेखन तपासून धाड, चारचौघांत हसं नको.’ तपासलं आहे, सोबत जोडलं आहे. एकतीस चुका निघाल्या. ‘वीज’ तू सगळीकडे पहिली काढली आहेस. वीज एकटी असली की दुसरी वेलांटी, शेपूट लागलं की पहिली. ‘वीज’, पण ‘विजेवर’. ‘धूर’ आणि ‘धुराचा’ यांचंही तसंच. ‘रिकामी’ हा शब्द तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा तू री दुसरी काढलीस. वसतिगृहातून पत्रं लिहायचास तेव्हापासूनची ही तुझी खोड. ‘खोली फार रीकामी वाटते’ असं तू लिहिलंस आणि मी लाल पेनाने दुरुस्त करून ते पत्र तुला उलट टपाली पाठवलं. बाबा म्हणाले होते, अरे, तो तिकडे रडतोय आणि तू इथे वेलांट्या कसल्या मोजतोस? तेव्हापासून मी वेलांटी झालो.

तर शुद्धलेखन झालं. पुढचं शुद्धलेखनात बसत नाही. मला राग आला आहे, दादा. राग आला की माझं अक्षर तिरकं होतं, म्हणून हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवून काढतोय. फोन करत नाही, कारण फोनवर तू छान बोलतोस आणि मी ‘हो, हो’ म्हणून ठेवून देतो.

पहिल्याच पानावर तुमच्या विजेच्या गाड्यांबद्दल तू म्हणतोस, ‘आमच्या गाड्यांमागे शून्य धूर.’ मी काम करतो त्या शेडच्या मागे वीजकेंद्राची चिमणी आहे. तू दोनदा आलास तेव्हा गाडीच्या काचा वर होत्या, म्हणून दिसली नसेल. दुपारी वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर राख बसते आणि पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत उंदरासारखा होतो. तुझ्या गाडीच्या मागे धूर नाही, कारण तो आमच्या दोरीवर आहे. मी अडाणी आहे, पण आडमुठा नाही. गाडी बनवण्यापासून मोडीत काढण्यापर्यंत सगळा धूर एकत्र धरला तरी विजेच्या गाडीचा बहुतेक ठिकाणी कमीच भरतो, असं मी वाचलं आहे आणि मला ते पटतं. बाबांची छाती रोज ऐकणाऱ्याला पेट्रोलची बाजू घेता येत नाही. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांचा धूर नाकाने मोजला. मी आठवीतून शाळा सोडली ती त्या खोकल्यापायीच. गॅरेजात दोन हात कमी पडत होते. तुझे पुस्तकाला लागले होते, माझे मोकळे होते. त्याचा राग मला कधीच आला नाही, आजही तो नाही. पण ‘कमी’ लिही ना रे. ‘कमी’ हा चांगला, कष्टाचा शब्द आहे. ‘शून्य’ कशाला? शून्य म्हटलं की माणसं पुढे काही विचारायची थांबतात.

दुसऱ्या पानावर तू आत्याकडच्या प्रवासाची गोष्ट घातली आहेस. बाबा गाडीत शांत झोपले, पेट्रोलचा वास नाही, हादरा नाही. खरं आहे. मी शेजारीच होतो आणि त्यांना असं झोपलेलं पाहून मलाही भरून आलं होतं. पण बाकीचं तू गिळलंस. पहिल्या चार्जिंगच्या जागी यंत्र बंद, दुसऱ्या जागी पुढे तीन गाड्या. पुढच्या जागेपर्यंत पुरावं म्हणून तू हीटर बंद केलास. वहिनीने आपली शाल बाबांना गुंडाळली आणि म्हणाली, गाडी हवेची काळजी घेते, आता सासऱ्यांची कोण घेणार ते ठरवा. सगळे हसलो. बाबासुद्धा. मग म्हणाले, धुराची गाडी खोकते तरी, बिघडलं की बोंबलते तरी. ही गप्प बसते, पोटात काय आहे ते कळू देत नाही. तेव्हा मला तो म्हाताऱ्याचा जुनाट राग वाटला होता. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आता तिसरं पान. मी शेडमध्ये काय करतो हे तुला मोघम ठाऊक आहे, म्हणून नीट लिहितो. तुझ्या वर्कशॉपमधून आणि आणखी तीन ठिकाणांहून उतरवलेल्या बॅटऱ्या आमच्याकडे येतात. पलंगाएवढी एकेक. येताना तिच्यातली वीज उतरवलेली असायला हवी. तशी असली की वर्कशॉपचा माणूस मोजून चिठ्ठी बांधतो, त्यावर आकडा, सही आणि ‘रिकामी’. मी चिठ्ठी वहीत उतरवतो, स्वतः पुन्हा मीटर लावतो, मग ती मावशीच्या टेबलावर जाते. मावशी म्हणजे सगळ्या शेडची मावशी, माझ्या समोरच्या टेबलावर झाकणं उघडून आतल्या तांब्याच्या पट्ट्या सोडवते. मी मीटर लावत बसलो की तिचा हात रिकामा राहतो आणि तोंड सुरू होतं. काय मास्तर, मेलेल्या बॅटरीची नाडी कसली बघताय? उठून बसली तर मीच हाक मारीन तुम्हाला. मी तरी लावतोच. घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस मी, तुला माहीतच आहे. दोन वर्षांत एकही बॅटरी मीटर लावल्याशिवाय मी पुढे सोडली नव्हती.

बारा दिवसांपूर्वी ती उठून बसली. पट्टी सोडवताना मावशीचा पाना दोन टोकांना एकदम टेकला आणि असा लखकन उजेड झाला की मला थोडा वेळ फक्त तिचा काळा आकार दिसत होता. ती ओरडली नाही. पाना कुठे पडला म्हणून विचारत राहिली. हातमोजा तळव्याला चिकटला होता. दोन बोटं गेली आहेत, आणि डॉक्टर म्हणतात अंगठा जेमतेम चमचा धरेल. त्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला. शेडमध्ये काहीतरी झालं म्हणे, तू बरा आहेस ना, असं विचारलंस. मी बरा आहे म्हणालो. तू ‘सुटलो बाबा’ म्हणालास आणि बाबांच्या गोळ्यांकडे वळलास. कोण भाजलं हे तू विचारलं नाहीस. बॅटरी कुठली होती हेही नाही.

मालकांनी दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. अहवाल लिहायचा होता आणि शेडमध्ये शुद्ध लिहिणारा मी एकटा. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. ‘सदर कामगार महिलेने हातमोजे न घालता, निष्काळजीपणाने’ असं मी लिहिलं. हातमोजा हाताला चिकटलेला मी स्वतः पाहिला होता, दादा. तरी ‘निष्काळजीपणाने’ या शब्दात माझी एकही चूक झाली नाही. मग मालक तो कागद घेऊन दवाखान्यात गेले आणि मावशीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन आले. मावशीला सही येते. उजव्या हाताने येते. आता त्या कागदामुळे तिचं काम गेलं, आणि भाजल्याबद्दल शेडने काही करायचं तेही बंद, कारण चूक तिची ठरली. मी भेटायला गेलो तर मलाच समजावते. मास्तर, मीच घाई केली असणार, तुम्ही मीटर लावल्याशिवाय सोडणारे नाही. ती हे पुन्हा पुन्हा म्हणते आणि मी तिच्या उशीकडे बघत बसतो.

कारण मी त्या बॅटरीला मीटर लावलं नव्हतं.

चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि हसलो. ‘रीकामी’. री दुसरी. सही न बघताच कळलं कुणाची ते. एवढी वर्षं झाली तरी हा सुधारत नाही, असं मनाशी म्हणालो, आणि मीटर खुंटीवरून काढलंच नाही. सगळ्या जगाच्या चिठ्ठ्या तपासतो, दादाची काय तपासायची? चिठ्ठीवरचा आकडा तू मोजून लिहिला नव्हतास. मोजला असतास तर तो आकडा आलाच नसता. कदाचित त्या दिवशी गाड्यांची रांग असेल, कदाचित तुझ्या हाताखालचा कुणी ‘झाली’ म्हणाला असेल. मला कारण माहीत नाही. सही तुझी आहे, एवढं माहीत आहे. चिठ्ठी जळाली असं सगळे समजतात. ती मी वहीत उतरवून घेतली तेव्हापासून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. बारा दिवस तो सदरा मी धुतला नाही, आणि बाबा विचारतात, राख इतकी का आवडायला लागली तुला?

आणि मग तुझ्या भाषणाचं तिसरं पान आलं. ‘जुनी प्रत्येक बॅटरी आम्ही स्वतः मोजून, पूर्ण रीकामी करूनच पुढे पाठवतो. आजवर कोणाला ओरखडासुद्धा आलेला नाही.’ दादा, तू हे मला तपासायला पाठवलंस! मला!

सोमवारी दहा वाजता सुरक्षा तपासनीस शेडमध्ये येणार आहेत. त्यांना मी चिठ्ठी देणार आहे, आणि अहवाल खोटा आहे, तो माझ्याच हाताने लिहिला आहे, मीटर मीच लावलं नाही, हेही सांगणार आहे. माझं काम जाईल. तुझंही काही होईलच. परवानगी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, आणि समजूत घालायला तू येऊ नकोस. तू शुक्रवारपर्यंत हे वाचशील, म्हणजे तुझ्या हातात तीन दिवस उरतील, एवढ्याचसाठी लिहिलं. तू आधी जाऊन बोललास तर ते तुझं बोलणं असेल. मी बोललो तर ती चहाडी असेल, आणि ती मी करणार आहे. दवाखाना तुझ्या घरापासून तुझ्या गाडीने एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन होतो. सगळ्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आहेत. ओरखड्याचं वाक्य तेवढं नुसतं अधोरेखित केलं आहे. त्यात शुद्धलेखनाची चूक एकही नाही. रविवारी ते वाचायचं की नाही, ते तू बघ.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

तुझाच, आणि आता मावशीचाही,
वेलांटी