चित्रातल्या बाईचं दार

माय, काल शेजारणीने ओढतच चित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. एका चित्रात शहरातली उंच इमारत, खिडक्याच खिडक्या, आणि एकीत एकटी बाई, बाहेर बघत उभी. बाजूची पोरगी म्हणाली, "कितनी अकेली है ना." मीही मान हलवली, पण तू आठवलीस आणि हसू आलं. तू असतीस तर विचारलं असतंस, "हिच्या घराले दार नाही का?" चित्रकाराने दार काढलंच नव्हतं.

माझ्या गोंदियाच्या फ्लॅटवर तू पहिल्यांदा आलीस, तेव्हाही दारावरूनच बोलणी खाल्ली मी. "भरदिवसा दार कायले लावून राहिली वं? चोरीचा माल आहे का घरात?" दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून परतते, तर तू जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये पाय पसरून बसलेली, मांडीवर सूप, आपल्या गावाहून, कामठ्याहून आणलेला तांदूळ निवडत. समोरच्या बाईने विचारलं, "अम्मा, क्या कर रहे हो?" तू म्हणालीस, "दिसत नाही का? बस, हात लाव." ती बसलीसुद्धा. चौथ्या दिवशी पाच जणी होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेतल्या बाईंची आई, अशी पॅसेजमध्ये. आठवड्याने मीच म्हटलं, धानाची रोवणी आली, घरी तुझी गरज पडेल. तू माझ्याकडे बघितलंस आणि पिशवी भरलीस. सूप मात्र नेलं नाहीस. "राहू दे, लागंल तुले."

लागलं, पण फार वर्षांनी, तू कायमची गेल्यावर. निवृत्तीनंतर घर खायला उठलं, तेव्हा कपाटामागून ते काढलं. आता रोज दुपारी दार सताड उघडं टाकून मी तुझ्याच जागी बसते. बाया येतात, सुनांची उणीदुणी निघतात, कुणीतरी चहा आणतं. मी सुखात आहे, माय.

हा कागद सुपाखालीच राहणार, म्हणून एक कबूल करते. हल्ली पाकिटातला तांदूळ स्वच्छच असतो. मी उगाच बोटं फिरवत बसते. काल त्या चित्रापुढे उभी असताना आठवलं, तू तर गावाहून तांदूळ नेहमी निवडूनच आणायचीस. मग त्या बिनखड्याच्या तांदळात दिवसभर काय शोधत होतीस, हे मी कधी विचारलं नाही. आणि रोवणीला अजून महिना होता, हे तुलाही ठाऊक होतं.