अर्धा कोबा माझा, अर्धा तुझा

तळेघर, २ मे २००५

चि. स्वप्नास,

भागुजीकाकाचा जय भीम आणि आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, माझा गुडघा तेवढा रुसलाय. तुझी तब्येत आणि इंजिनिअरिंगचा अभ्यास, दोन्ही ठीक असावेत.

विहारापुढच्या अंगणाचा कोबा घालून झाला. तू पाठवलेली पांढरी पूड (बाळांच्या डायपरमध्ये असते तीच, हे कळल्यावर तुझी काकी दोन दिवस तिला शिवेना) आधी तांब्याभर पाण्यात टाकून पाहिली. तेवढ्यात शेजारचे कुशाबा पाणी मागायला आले आणि मी विसरून तोच तांब्या पुढे केला. त्यांनी तोंडावर उपडा धरला, थेंब पडेना. "भागुजीराव, तुमच्यात पाणी बी गोठवून ठिवत्यात व्हय?"

तरी माझा विश्वास बसेना. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं ते बाहेरून पाणी मारूनच. तू म्हणतेस, पूड आधी पाणी पिऊन बसते आणि कोबा सुकायला लागला की आतून हळूहळू सोडते, म्हणून तो आकसत नाही, तडकत नाही. पण बुद्धपौर्णिमेला साऱ्या गावासमोर तडा दिसला, तर बोल तुझ्या पुस्तकाला नाही, मला लागणार. म्हणून मधे फळी लावून अंगणाचे दोन भाग केले. डावा तुझ्या पुडीचा, उजवा माझ्या पद्धतीचा. माझ्या कोपऱ्यात ओल्या सिमेंटवर थापीच्या टोकाने नेहमीसारखं नाव कोरलं. तुझ्या भागात मुद्दाम नाही (बदनामीत वाटा कशाला घ्या).

तुझा भाग प्लॅस्टिकखाली गपचूप पडून होता. माझ्या भागावर मारायला तुझी काकी आणि शेजारची लंकाबाई चौदा दिवस आटत आलेल्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. पंधराव्या दिवशी पाहिलं, तर तुझ्याकडे केसाएवढी रेघ नाही. माझ्याकडे तडा, तोही नेमका नावातून. 'भागु' अलीकडे, 'जी' पलीकडे. लंकाबाई म्हणाली, "आमी येवढं पाणी वाहिलं, ते काय तुमचं नाव भिजवायला?" पोरी, मला तुझा लई अभिमान वाटला. आधी राग आला होता, पण तो दुपारच्या जेवणापर्यंतच टिकला.

गावाला मी सांगितलंय की खालची जमीन दबली.

तुझा,
भागुजीकाका

ता. क. : जमीन दबलेली नाही. माझा अर्धा भाग आज सकाळी मीच फोडला. पौर्णिमेला तीन आठवडे आहेत, आणखी अर्धा किलो पूड एसटीने लगेच पाठव. काकी म्हणते, हंडे सुटले, हेच मोठं काम झालं.

आणखी एक : या खेपेला नाव तुझं कोरणार आहे. पुढे वडिलांचं घालायचं का, ते कळव. थापीला जोडाक्षरं जड जातात, म्हणून कालपासून वाळूत गिरवतोय.